वाचणाऱ्याला हसू नये

दादाचा फोन आला तेव्हा मी गच्चीत साठं उन्हात घालत होते. आंबे संपत आले होते. शेवटच्या रायवळांचा रस ताटांतून पसरला होता आणि मी माश्या येऊ नयेत म्हणून जुनं पातळ वर बांधत होते. "ये," दादा म्हणाला. एवढंच, आणि फोनही ठेवला नाही. त्याच्याकडून कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता, मागे कुणीतरी बादली भरत होतं. मी विचारलं नाही. पातळ तसंच अर्धवट बांधून खाली आले, कुलूप लावलं आणि नाक्यावरून रिक्षा केली. रत्नागिरीहून आमचं गाव गणपतीपुळ्याच्या वाटेवर, फार लांब नाही. त्या दिवशी मात्र रिक्षावाला सारखा बोलत होता आणि मला तो गप्प बसावा असंही वाटत नव्हतं. शैलावहिनी गेली होती हे मला कळलं होतं, फक्त कुणीतरी ते शब्दांत सांगेपर्यंत मला थोडा वेळ हवा होता.

मी तिची नणंद. आमच्याकडे नणंदेनं भावजयीबद्दल चांगलं लिहिलं की लोक आधी संशय घेतात, आणि वहिनी असती तर तिनं तो सगळ्यात आधी घेतला असता. "वन्सं लिहितायत? मग बघायला हवं, का लिहितायत ते," असं म्हणून तिनं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला असता. ती मला जन्मभर वन्सं म्हणत आली. आता असं कुणी म्हणत नाही, तिलाही ते जुनाट वाटायचं, पण मला चिडवायला तिला तो शब्द बरा सापडला होता. मी पोस्टात नोकरी केली, एकटी राहिले, माझं तोंड जरा तिखट आहे. तिचंही होतं. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच.

ती केळशीची. लग्न होऊन आमच्याकडे आली ती बी.एड. होऊनच आली, आणि जवळच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागली ती निवृत्त होईपर्यंत तिथेच. सुरुवातीची बरीच वर्षं तिनंही सगळे शिकवतात तसंच शिकवलं. धडा वाचायचा, अर्थ फळ्यावर लिहायचे, प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची. मुलं पास व्हायची, चांगली व्हायची. मग घरोघर मोबाईल आले. तिच्या लक्षात आलं की धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं घडाघडा देणारी पोरं मोबाईलवर आलेलं इंग्रजी दिसलं की एक तर ते सोडून देतात, नाही तर जसंच्या तसं खरं मानतात. "वन्सं, ह्यांना इंग्रजी येतंय, वाचता येत नाहीये," ती मला म्हणाली होती. मला काही तो फरक कळला नाही. मी म्हटलं, मार्क पडतायत ना? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

मग एक दिवस वर्गात ती आंब्याच्या शीतपेयाची बाटली घेऊन गेली. शाळेत प्रोजेक्टर होता, पण तो धूळ बसू नये म्हणून कपाटात कुलपात असायचा, त्यामुळे बाटलीच हातोहात फिरवली. पुढच्या बाजूला पानासकट भला मोठा हापूस. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत आत काय काय आहे ते. मुलांनी ते वाचलं. एक जण म्हणाला, "बाई, पयलं पानी लिवलंन. मग साखर. आंबा मागं हाय." तिनं विचारलं, असं का लिहिलं असेल? सांगून टाकायची तिला सवयच नव्हती, ती नुसती उभी राहायची. शेवटी मुलांनीच शोधलं की जे जास्त ते आधी लिहितात, आणि पुढचं चित्र कुणी लिहिलेलं नसतं, ते काढलेलं असतं, म्हणून त्याला खोटं म्हणता येत नाही. बागायतदारांची पोरं ती. त्यांना तो घरचा अपमान वाटला. एकानं बाटली घरी नेऊन बापाला वाचून दाखवली, बाप तडक नाक्यावरच्या दुकानदाराशी भांडायला गेला, आणि दुकानदार दुसऱ्या दिवशी शाळेत आला. वहिनीनं त्याला कोकमाचं सरबत दिलं आणि त्यालाही बाटली वाचायला लावली. पुढे तो स्वतःच गिऱ्हाइकाला बाटलीची मागची बाजू दाखवायचा, आणि तरी ती खपायची.

त्यानंतर तिला काही वर्ज्य राहिलं नाही. बिस्किटाचे पुडे, गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती, एकाच सामन्याच्या दोन बातम्या, आवाज बंद करून लावलेले व्हिडिओ. आवाज नसताना काय वाटतं ते मुलांनी आधी लिहायचं, मग आवाज लावायचा, आणि संगीतानं आपल्याला कुठे कुठे ढकललं ते शोधायचं. मच्छीमारांच्या पोरांना ती हवामानाचा इंग्रजी इशारा वाचायला लावायची. "शक्यता आहे" आणि "येणार आहे" ह्यात समुद्रावर जाणाऱ्या माणसाला किती फरक पडतो, ते त्या मुलांना तिच्यापेक्षा चांगलं कळायचं, आणि ते ती वर्गात मोकळेपणानं बोलून दाखवायची. घरातल्या आमच्या ग्रुपवरही कुणी काही पुढे पाठवलं की वहिनीचा प्रश्न यायचाच. ह्यात काय सांगितलेलं नाही? आमचे नाशिकचे काका त्यामुळे ग्रुप सोडून गेले, मग दिवाळीला परत आले.

ह्या सगळ्यात घरचाच एक बळी गेला, तो आमचा चुलतभाऊ बाळू. गणपतीपुळ्याला त्यानं होमस्टे काढला होता. वहिनीनं मुलांना पर्यटकांचे इंग्रजी अभिप्राय वाचायला दिले, आणि त्यात बाळूचंही पान निघालं. तीन वेगवेगळ्या नावांच्या माणसांनी एकाच शब्दांत लिहिलं होतं की अमेझिंग स्टे, व्हेरी को-ऑपरेटिव्ह स्टाफ. बाळूकडे स्टाफ म्हणजे तो आणि त्याची बायको. मुलांनी हसून हसून जमीन धोपटली. ही तिन्ही माणसं एकच आहेत, असा निकाल लागला, आणि तो बाळूच्या मुलापर्यंत पोहोचायला मधली सुट्टी पुरली, कारण तो त्याच शाळेत होता आणि अभिप्राय त्यानंच आईच्या, मामाच्या आणि स्वतःच्या फोनवरून लिहिले होते. बाळू गौरीच्या जेवणाला आला नाही. आमच्याकडे हे फार मोठं समजतात. शेवटी वहिनी स्वतः त्याच्याकडे गेली. "बाळूभावजी, तुम्ही लिहिलंयत समुद्र दिसतो. कुठून दिसतो?" बाळू म्हणाला, गच्चीतून. "गच्चीतून?" टाकीवर चढलं की, बाळू म्हणाला. मग तिनं मुलांकडूनच त्याच्या होमस्टेचं नवं वर्णन लिहून घेतलं. समुद्र दिसत नाही, पण सगळं शांत झालं की ऐकू येतो. सकाळी घावणे मिळतात, उशिरा उठलात तर गार मिळतील. ते वाचून लोक यायला लागले, आणि लवकर उठायला लागले. बाळू आता सगळ्यांना सांगतो, "वहिनीनं माझं हसं केलंन आणि वहिनीनंच मला उभा केलान."

निवृत्त झाल्यावर तिला घरात बसवेना. मग शनिवारी दुपारनंतर पडवीत वर्ग सुरू झाला. गावातली सातवी-आठवीची मुलं यायची, कुणी वाडीतून, कुणी मोहल्ल्यातून. हॉलमधला टीव्ही पडवीत आणून ठेवला, त्याला तिचा मोबाईल जोडला, आणि मोबाईलवरचं पान मोठं होऊन सगळ्यांना दिसायला लागलं. मीही बहुतेक शनिवारी जायची. मला इंग्रजी शिकायचं नव्हतं, मला तिच्याकडची करमणूक हवी होती. दादा पडवीच्या टोकाला खुर्ची टाकून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचा. घरची सुपारी, आणि तो ती इतकी बारीक कातरायचा की खाणाऱ्याला दात लावायचीही गरज पडू नये. वर्गाकडे त्याचं लक्ष आहे असं त्यानं कधी दाखवलं नाही. वहिनी शिकवत असताना मागे त्या अडकित्त्याचा कट् कट् आवाज चालू असायचा आणि मुलांना त्याची सवय झाली होती.

दादाबद्दल थोडं सांगायला हवं. तो भूमी अभिलेख खात्यात होता, सगळी नोकरी नकाशे आणि शिक्के ह्यांत गेली. छापलेलं आणि शिक्का मारलेलं म्हणजे खरं, ह्यावर त्याची श्रद्धा. इंग्रजी तो वाचतो, पण एकेका शब्दाखाली बोट धरून. आयुष्यात त्यानं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. चहा गार असला तरी तो तसाच प्यायचा आणि वहिनीनं विचारलं तर म्हणायचा, "चालतंय की."

गेल्या पावसाळ्यानंतर वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. आधी रत्नागिरीत, मग मुंबईत, तपासण्या झाल्या. मुंबईचे डॉक्टर भले होते, त्यांनी तिलाच सगळं सांगितलं, कारण तिनं तसंच मागितलं. उपाय करण्याची वेळ गेली होती. दुखणं आटोक्यात ठेवता येईल, थोडे महिने बरे जातील, ते घरी घालवा, दगदग करू नका. परत येताना गाडीत तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. "बघा वन्सं, किती सरळ बोलला तो. एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीन." मी रडत होते आणि ती त्या डॉक्टरच्या वाक्यांची तारीफ करत होती. मला तिचा रागच आला.

दादानं मात्र ते मानलं नाही. तो भांडला नाही, पण मोबाईल घेऊन बसायला लागला. आणि एक दिवस मला मागीलदारी नेऊन त्यानं एक पान दाखवलं. दुसऱ्या राज्यातला कुठलातरी दवाखाना. जडीबुटी, हसरे चेहरे, पांढऱ्या कोटातला माणूस, आणि आपल्याला कसा गुण आला ते सांगणारे रुग्ण. सगळं इंग्रजीत. दादानं ते बोट धरून इतकं वाचलं होतं की त्याला पाठ होतं. तिथे जाऊन काही आठवडे राहायचं होतं. रेल्वेचे दोन दिवस जायला, दोन यायला. "हितं लिहिलंन आहे बघ," तो परत परत म्हणत होता. ते पान त्यानं वहिनीलाही दाखवलं होतं आणि तिकिटं काढली होती. वहिनीला त्या वेळी रत्नागिरीपर्यंतचा प्रवाससुद्धा झेपत नव्हता. तिचे जे काही बरे दिवस उरले होते, ते त्या गाडीत आणि त्या परक्या खाटेवर जाणार, हे मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं, आणि तरी ती दादाला नाही म्हणत नव्हती.

"सांग ना त्याला," मी म्हटलं. "तुझं ऐकेल तो."

"काय सांगू? आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागतायत... त्यांना नाही म्हणू?"

"मग जाणार आहेस?"

 येत्या शनिवारी वर्ग घ्यायचाय, पोरांसाठी तेवढं पाणी भरून ठेवा, ती म्हणाली.

त्या शनिवारी मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. दादा नेहमीच्या जागी सुपारी कातरत होता. वहिनीला बसायला उशी लागायची आता, ती उशीला टेकून बसली आणि तिनं टीव्हीवर पान लावलं. मी मान वर केली. तेच पान होतं. दवाखान्याचं नाव आणि त्या माणसाचा चेहरा तिनं काळ्या पट्टीनं झाकला होता, बाकी सगळं तेच. मुलांना बाई आजारी आहेत एवढंच ठाऊक होतं. हे पान कुणाचं, कुठून आलं, ह्याची त्यांना कल्पना नव्हती. मुलं त्या पानावर तुटून पडली. मोहल्ल्यातली सानिया म्हणाली, "बाई, सगल्यांची नुसती पयली नावं हायत. गाव कुनीच लिवलंन नाय." दुसरा म्हणाला, बरं वाटलं असं सगळे म्हणतात, बरा झालो असं कुणीच म्हणत नाही. कधी वाटलं, पुढे काय झालं, तेही नाही. मग कुणाला तरी तळाशी बारीक अक्षरांतलं वाक्य सापडलं, प्रत्येकाला गुण येईलच असं नाही, आणि शिकार सापडल्यासारखा सगळ्यांनी गलका केला. मी दादाकडे बघायचं टाळत होते. त्या गलक्यात प्रणित, नाखव्याचा मुलगा, वर्गात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वात्रट, मोठ्यानं म्हणाला, "असला खरा मानील तो खुळाच असंल, बाई." सगळे हसले.

अडकित्त्याचा आवाज थांबला. मुलांच्या ते लक्षात आलं नाही, वहिनीच्या आलं. दादा उठला, सुपारीचे तुकडे डब्यात भरले, झाकण लावलं आणि आत गेला.

मुलं गेल्यावर मी तिला बरंच काही बोलले. ती आजारी आहे हे मी विसरले होते. चार पोरांकरवी त्याचं हसं केलंस, म्हटलं, एवढं तुझं तूच बोलली असतीस तर काय झालं असतं? तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती उलट काहीतरी बोलेल, तिचं उत्तर नेहमीच तयार असायचं. "मी बोलले असते तर ते म्हणाले असते, तू धीर सोडलायस," ती म्हणाली. "पोरांचं ऐकतील असं वाटलं... ते चुकलं नाही माझं, वन्सं. दुसरंच चुकलं." ती उशीला टेकली. "इतकी वर्षं मी पोरांना लिहिणाऱ्याच्या चोऱ्या पकडायला शिकवल्या. वाचणाऱ्याला हसू नये, हे शिकवायचं राहूनच गेलं. बाटलीपासून हसतोय आम्ही." त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दादाही जेवला नाही. मी तिघांची ताटं वाढली होती ती झाकून ठेवली आणि तिथेच राहिले.

तो आठवडा घरात कुणी त्या पानाचा विषय काढला नाही. तिकिटं दादाच्या खिशात होती. पुढच्या शनिवारी दादा पडवीत येणार नाही असं मला वाटलं होतं, पण तो आला, खुर्ची भिंतीकडे थोडी वळवून बसला, आणि सुपारी कातरायला लागला. वहिनीनं पुन्हा तेच पान लावलं. मुलं म्हणाली, हे झालं की, बाई. ती म्हणाली, अर्धंच झालं. आणि तिनं विचारलं, "हे पान उघडतं कोण?"

"आजारी मानूस," मुलं म्हणाली.

"एवढा आजारी माणूस बसून एवढं वाचेल?"

मुलांनी विचार केला. मग घरातलं कुणीतरी, सानिया म्हणाली. वहिनीनं विचारलं, ते घरातलं माणूस हे उघडतं तेव्हा त्याच्या आधी त्याला काय ऐकावं लागलेलं असतं? मग प्रणितकडे बघून तिनं शांतपणे विचारलं, "तो खुळा असतो का रे?" प्रणित खाली बघायला लागला. त्याला बाई रागावल्यासारखं वाटलं असावं, पण ती रागावली नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं.

"मी उघडलं," दादा म्हणाला.

सगळी मुलं वळली. इतक्या शनिवारांत दादा वर्गात बोलल्याचं मला आठवत नाही. त्यानं अडकित्ता मांडीवर ठेवला होता. "ते पान मी उघडलं. बाईंसाठी. मला सगळं खरं वाटलं..." तो थांबला. "अजूनही थोडं वाटतंय. तुम्हाला वाचता येतं, मला नीट येत नाही. तर मला सांगा, ह्यात माझ्या कामाचं काही आहे का?"

आता मुलांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, एखादं रडेल, एखादं उठून जाईल. पण ती टीव्हीच्या जवळ सरकली आणि त्यांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. ह्या वेळी चोरी शोधत नव्हती, कामाचं काही मिळतंय का ते शोधत होती. फार सावकाश वाचलं. एकेक वाक्य मराठीत करून दादाला सांगत होती आणि शेवटी मान हलवत होती, हे नाही, काका, हेही नाही. प्रणित सगळ्यात पुढे होता, त्याचे कान लाल झाले होते. खालच्या एका कोपऱ्यात रुग्णाच्या घरच्यांसाठी दोन ओळी होत्या, त्या सानियानं वाचल्या. रुग्णाला त्याच्या आवडीचं खाऊ द्या, आवडीची माणसं जवळ असू द्या. "ह्यो खरा असंल, काका," ती म्हणाली. दादानं मान हलवली.

मुलं गेल्यावर वहिनी त्याला म्हणाली, "अहो, जायचं असेल तर जाऊ. मी येते." मनापासून म्हणाली ती. मी आत जायला उठले, तर दादाच म्हणाला, बस.

"नको," तो म्हणाला. "तिथे बरं होणार नाही हे मला कळत होतं गं, थोडं थोडं. पण होईल बरं, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. तुम्ही कुणीच म्हणत नव्हता. त्या पानावर तेवढं लिहिलेलं होतं."

"मी कशी म्हणणार?" वहिनी म्हणाली. "मला वाचता येतं ना हो." आणि मग ती रडली. आजार कळल्यापासून मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. दादा तिच्या उशीजवळ जाऊन बसला. तिकिटं त्यानं दुसऱ्या दिवशी रद्द केली.

त्यानंतरचे महिने ती घरी होती. मोहोर आला, तुडतुडा आला, फवारण्या झाल्या, कैरी धरली, आंबा उतरला. शनिवार चालू होते. पुढे तिला बसवेना तेव्हा ती खाटेवर पडून ऐकायची आणि मुलं वाचायची. एक बदल झाला होता. आता कुठलंही पान लावलं की ती आधी विचारायची, हे वाचणारा कोण असेल, त्याला काय हवं असेल? मग लिहिणाऱ्याकडे वळायचं. मुलांना ते जास्त अवघड जायचं, आणि हसणं कमी झालं होतं असंही नाही, पण कुणाला हसायचं ते पोरं जरा बघायला लागली होती. दादाची खुर्ची वर्गात आली होती. बोट धरून वाचायचा, अडलं की जवळच्या पोराला विचारायचा. शेवटचे काही दिवस वाईट गेले, ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी असं माणूस घरी सांभाळलंय त्यांना ते माहीत आहे. मला तिची आठवण येते. ग्रुपवर कुणी काही पाठवलं की मी अजून थांबते, तिचा प्रश्न येईल म्हणून... येत नाही, आणि ती आलेली गोष्ट तशीच पुढे जाते.

दिवसपाणी आटोपल्यावर शनिवारी मुलं आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि येऊ नका असंही कुणी सांगितलं नव्हतं. पडवीत ओळीनं बसली. दादानं टीव्ही आणला, मोबाईल जोडला. त्याच्या हातून वायर दोनदा निसटली, मी उठले नाही. पडद्यावर त्यानं स्वतः लिहिलेला इंग्रजी मजकूर आला. वहिनीच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे, कुणी मुंबईत, कुणी आखातात, कुणी बोटीवर. त्यांना कळवायचं राहिलं होतं. दादा कितीतरी संध्याकाळी एका बोटानं ते लिहीत होता. मला वाटलं होतं मराठीत लिहील, पण ती इंग्रजीची बाई, म्हणाला. "वाचा," त्यानं मुलांना सांगितलं, "आणि काय चुकलंय ते सांगा."

मुलांनी वाचलं. त्यात होतं की बाई अल्पशा आजारानंतर शांतपणे गेल्या, आणि त्या कधी कुणाला रागावल्या नाहीत. "रागवायच्या," तीन-चार जण एकदम म्हणाले, आणि दादासकट सगळे हसले. ते वाक्य गेलं. सानिया म्हणाली, "काका, अल्पसा नवता. पावसाल्यानंतर सुरू झाला." दादानं मान हलवली. मग प्रणित उभा राहिला. त्यानं पडद्यावरच्या एका शब्दाकडे बोट दाखवलं.

"शांतपनी..." तो म्हणाला. "व्हत्या, काका?"

मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं तो हो म्हणेल. कुणीही हो म्हणेल.

"नव्हती रे," दादा म्हणाला. "शेवटी थोडा वेळ होती. त्याच्या आधी नव्हती."

प्रणितनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "ह्यो वाचनार कोन?"

"तिची शाळेतली मुलं. लांब असलेली. त्यांना येता आलं नाही."

प्रणितनं थोडा विचार केला. "मग शांतपनी ऱ्हाऊ दे, काका," तो म्हणाला. "अल्पसा तेवढा काडा."

दादानं बोटानं तो एक शब्द पुसला, दुसरा तसाच ठेवला, आणि पाठवून दिलं.